युद्धभूमीतील प्रवास आणि प्रवाशाच्या पूर्वकल्पना : व्हिएतनामच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

व्हिएतनामला भेट देणाऱ्या भारतीयांची संख्या २०१९ मध्ये पावणेदोन लाखांच्या आत होती. २०२४ मध्ये ती पाच लाखांवर गेली. २०२२ मध्ये मुंबईहून हनोई व हो ची मिन्ह सिटी या शहरांसाठी थेट विमानसेवा सुरू झाल्यानंतर मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांनाही हा देश आवाक्यातला वाटू लागला. एके काळी ज्या देशाचे नाव वृत्तपत्रांत केवळ बाँबफेकीच्या बातम्यांसह येत असे, तो देश आता सुटीत जाण्याचे ठिकाण झाला आहे. अशा प्रवासाने प्रवाशाच्या मनातील त्या देशाचे चित्र बदलते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा बदल नेमका कसा घडतो, कितपत टिकतो आणि तो नेहमीच सत्याच्या दिशेने होतो काय, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक वाटतो. मराठीत ‘पूर्वग्रह’ हा शब्द बहुधा दूषित मताच्या अर्थाने येतो. येथे अभिप्रेत असलेली गोष्ट त्याहून व्यापक आहे. प्रत्यक्ष अनुभवापूर्वी मनात तयार असलेले चित्र, मग ते अनुकूल असो वा प्रतिकूल, त्याला आपण ‘पूर्वकल्पना’ म्हणू. युद्धग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या देशाविषयीच्या पूर्वकल्पना बहुतेक वेळा द्वेषमूलक नसतात. पुष्कळदा त्या सहानुभूतीच्याच असतात. आणि सहानुभूतीतून आलेली पूर्वकल्पना तपासून पाहण्याची गरज आपल्याला सहसा वाटत नाही, ही या विषयातील खरी अडचण होय.

पूर्वकल्पनांची घडण

व्हिएतनाम युद्धाचे जे दृश्यरूप जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात ठसले आहे, ते मुख्यतः अमेरिकी चित्रपटांनी घडविले. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) व ‘प्लटून’ (१९८६) या दोन्ही चित्रपटांचे चित्रीकरण फिलिपिन्समध्ये झाले. ‘द डिअर हंटर’ (१९७८) मधील युद्धदृश्ये थायलंडमध्ये चित्रित झाली, तर ‘फुल मेटल जॅकेट’ (१९८७) हा चित्रपट इंग्लंडमध्ये तयार झाला. म्हणजे ज्या जंगलांना, नद्यांना व उद्ध्वस्त शहरांना आपण व्हिएतनाम म्हणून ओळखतो, त्यांपैकी एकही व्हिएतनामचे नाही. या चित्रपटांत व्हिएतनामी माणसेही फारशी बोलत नाहीत. ती झाडीतून दिसतात, पळतात व मरतात. व्हिएतनाम हे एका राष्ट्राचे नाव न राहता अमेरिकेच्या एका दुःस्वप्नाचे नाव झाले, ते या वाटेने.

छायाचित्रांचे कार्य याहून सूक्ष्म आहे. ८ जून १९७२ रोजी त्रांग बांग या गावाजवळ नापाम बाँबने भाजलेली किम फुक ही नऊ वर्षांची मुलगी रस्त्यावरून विवस्त्र धावत असतानाचे छायाचित्र विसाव्या शतकातील सर्वांत परिचित छायाचित्रांपैकी एक ठरले. त्या चित्राने युद्धविरोधी जनमताला बळ दिले, हे निर्विवाद आहे. परंतु त्याच चित्राने त्रांग बांगला १९७२ सालातच थांबवून ठेवले. हे गाव हो ची मिन्ह सिटीहून ताय निन्हकडे जाणाऱ्या मार्गावर असून दक्षिण व्हिएतनाममध्ये ते तांदळाच्या जाड शेवयांच्या रश्शासाठी आणि रात्रीच्या दवात मऊ केलेल्या तांदळाच्या पातळ पापडांसाठी प्रसिद्ध आहे. शहरातील कुटुंबे त्या वाटेने जाताना मुद्दाम थांबून ते खातात. परदेशी प्रवासी मात्र तोच रस्ता शोधत येतो. एकाच गावाची ही दोन प्रसिद्धिस्थाने एकमेकांना छेदत नाहीत. प्रवाशाच्या मनात ती प्रथमच एकत्र येतात.

मराठी प्रवाशाबाबत आणखी एका पूर्वकल्पनेचा उल्लेख टाळता येणार नाही. व्हिएतनामने छत्रपती शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यापासून प्रेरणा घेऊन अमेरिकेचा पराभव केला, तेथील एका नेत्याने तसे जाहीरपणे सांगितले, रायगडाची माती आपल्या देशी नेली, अशी कथा महाराष्ट्रात भाषणांतून, पुढे दूरध्वनीवरील संदेशांतून वर्षानुवर्षे सांगितली जात आहे. या कथेला दुजोरा देणारे विश्वसनीय साधन आजवर पुढे आलेले नाही. महाराजांच्या युद्धनीतीची थोरवी अशा दाखल्यावर अवलंबून नाही, हे वेगळे सांगावयास नको. तथापि पूर्वकल्पनेच्या अभ्यासाच्या दृष्टीने ही कथा उद्बोधक आहे, कारण तीत व्हिएतनामविषयी कमालीचा आदर असूनही व्हिएतनामच्या स्वतःच्या इतिहासाला जागाच उरत नाही.

त्या देशातील कोणत्याही शहरात रस्त्यांच्या पाट्या वाचीत गेल्यास हा इतिहास समोर येतो. चिनी सत्तेविरुद्ध इ. स. ४० मध्ये उठाव करणाऱ्या त्रुंग भगिनी, १२८८ मध्ये बाक दांग नदीत मंगोलांचे आरमार बुडविणारा त्रान हुंग दाओ, १४१८ ते १४२७ या काळात मिंग सैन्याशी झुंजून स्वतंत्र राज्य स्थापणारा ले लोई आणि १७८९ मध्ये नववर्षाच्या सणात छिंग सैन्यावर अकस्मात चाल करून जाणारा न्गुएन हुए, ही नावे गावोगावी पुन:पुन्हा भेटतात. दीर्घकालीन लोकयुद्धाची परंपरा व्हिएतनामी लोक याच पूर्वजांशी जोडतात. मराठी प्रवाशाला येथे किंचित अपेक्षाभंग होतो. परंतु आपल्याकडे जसे आपले गड व आपली घाटवाट आहे, तसे त्यांच्याकडे त्यांचे नदीमुख व त्यांचा दलदलीचा प्रदेश आहे, ही समज त्या अपेक्षाभंगातूनच येते.

पहिला बदल : युद्धाऐवजी देश

प्रवासाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जे घडते, ते बहुतेकांच्या बाबतीत सारखेच असते. भग्नावशेष, दारिद्र्य आणि परकीयांविषयी कटुता पाहावयास मिळेल, या अपेक्षेने आलेला माणूस दुचाकींच्या पुरात रस्ता ओलांडण्याची धडपड करीत असतो. व्हिएतनामची लोकसंख्या २०२३ मध्ये दहा कोटींवर गेली असून तिच्यातील बहुसंख्य लोक १९७५ नंतर जन्मलेले आहेत. डिसेंबर १९८६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात ‘दोई मोई’ म्हणजे नवीकरणाचे धोरण स्वीकारले गेले. १९९४ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठविली, १९९५ मध्ये राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये या दोन राष्ट्रांनी आपल्या संबंधांना सर्वोच्च श्रेणीच्या भागीदारीचा दर्जा दिला. प्यू संशोधन केंद्राच्या २०१७ मधील पाहणीत ८४ टक्के व्हिएतनामी उत्तरदात्यांनी अमेरिकेविषयी अनुकूल मत नोंदविले होते. हे प्रमाण अमेरिकेच्या अनेक जुन्या मित्रराष्ट्रांतील प्रमाणाहून मोठे होते.

येथे पहिली पूर्वकल्पना कोसळते व तिच्या जागी ताबडतोब दुसरी येते : ‘या लोकांनी सारे विसरून क्षमा केली आहे.’ परतलेल्या प्रवाशाच्या बोलण्यात हे वाक्य हमखास येते. या दुसऱ्या कल्पनेत प्रवाशाला सुखावणारे बरेच काही आहे. पाश्चात्त्य प्रवाशाला तीत दोषमुक्ती मिळते, आणि आपल्यासारख्यांना पौर्वात्य सहिष्णुतेचा पुरावा सापडल्यासारखा वाटतो. म्हणूनच ती पहिलीपेक्षा अधिक चिवट ठरते.

वस्तुतः या मोकळेपणाची कारणे बरीच ऐहिक आहेत. अमेरिकेशी झालेल्या युद्धात व्हिएतनाम विजयी झाला होता, आणि विजेत्याला उदार होणे तुलनेने सोपे जाते. त्यानंतर डिसेंबर १९७८ मध्ये कंबोडियात सैन्य धाडल्यामुळे व्हिएतनाम आंतरराष्ट्रीय राजकारणात एकटा पडला. फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनने उत्तर सीमेवर आक्रमण केले, आणि तेथील चकमकी १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिल्या. सुमारे एक हजार वर्षे प्रत्यक्ष राज्य केलेल्या शेजाऱ्याच्या तुलनेत वीस वर्षे लढून निघून गेलेला दूरचा शत्रू हे वेगळेच प्रकरण असते. याला क्षमा म्हणण्यापेक्षा इतिहासाचा व हिताचा हिशेब म्हणणे अधिक योग्य होईल. त्यात व्हिएतनामी माणसाचे अवमूल्यन नाही. उलट त्याला संतपदावरून उतरवून राजकीय विवेक असलेला नागरिक म्हणून पाहणे आहे.

संपर्काच्या मर्यादा

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे प्रतिपादन केले की, दोन गटांतील प्रत्यक्ष संपर्काने पूर्वग्रह कमी होऊ शकतात; परंतु त्यासाठी उभय पक्षांचा दर्जा समान असणे, उद्दिष्ट सामाईक असणे, परस्पर सहकार्य असणे आणि या संपर्काला संस्थात्मक पाठबळ असणे आवश्यक आहे. पर्यटनातील संपर्काला या कसोट्या लावून पाहिल्या तर काय दिसते? प्रवाशाला भेटणारी माणसे म्हणजे वाटाड्या, गाडीचालक, हॉटेलातील कर्मचारी आणि विक्रेते. यांपैकी प्रत्येकाची उपजीविका प्रवाशाच्या समाधानावर अवलंबून असते. ‘तुम्हाला आमच्याविषयी राग नाही ना?’ असे ज्याला बक्षिसी द्यावयाची त्यालाच विचारले, तर उत्तर काय येणार हे ठरलेलेच असते. दर्जा समान नाही, उद्दिष्टही सामाईक नाही. पाठबळ आहे ते पर्यटन मंडळाचे.

ऑलपोर्टने आणखी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. विरुद्ध पुरावा समोर आला की मन त्याला अपवाद ठरवून मोकळे होते आणि मूळ समजुतीभोवतीचे कुंपण पुन्हा घालून घेते. युद्धस्थळांच्या प्रवासात हे वारंवार घडते. भेटलेला मार्गदर्शक फार चांगला होता, पण ‘ते लोक’ मात्र तसेच, अशी विभागणी सहज होते. अनुभव घेऊनही समजूत जशीच्या तशी राहते व वर प्रत्यक्ष पाहिल्याचा अधिकार प्राप्त होतो. कधीच न गेलेल्या माणसापेक्षा एकदा जाऊन आलेला माणूस अधिक ठाम असतो, हा आपल्या भोवतालचाही अनुभव आहे!

संग्रहालयांचे वाचन

‘डार्क टुरिझम’ ही संज्ञा फोली व लेनन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये रूढ केली. मृत्यू व यातना यांच्याशी निगडित स्थळांना दिलेल्या भेटी असा तिचा अर्थ होतो. अशी स्थळे भूतकाळ जसाच्या तसा दाखवीत नाहीत, हे सांगावयास हवेच असे नाही. पण ती कशी बदलतात, हे व्हिएतनाममध्ये फारच स्पष्टपणे पाहता येते. हो ची मिन्ह सिटीतील सर्वाधिक गर्दीचे युद्धविषयक संग्रहालय सप्टेंबर १९७५ मध्ये उघडले, तेव्हा त्याच्या नावात अमेरिकी व त्यांच्या ‘कठपुतळी’ राजवटीच्या गुन्ह्यांचा उल्लेख होता. १९९० मध्ये नावातून अमेरिकेचा उल्लेख गेला व युद्ध आणि आक्रमण यांतील गुन्हे एवढेच उरले. १९९५ मध्ये, म्हणजे राजनैतिक संबंध जुळले त्याच वर्षी, ते ‘युद्धावशेष संग्रहालय’ झाले. आत ठेवलेल्या वस्तू व छायाचित्रे आजही तितकीच विदारक आहेत. बदलले ते त्यांना कवेत घेणारे शब्द. याच इमारतीत युद्धात मृत्यू पावलेल्या उभय बाजूंच्या वृत्तछायाचित्रकारांच्या चित्रांचे एक दालन आहे. तेथे घेतलेले चित्र कोणत्या बाजूच्या माणसाने घेतले, हे पाटी वाचल्याखेरीज कळत नाही.

कू ची येथील भुयारांचा अनुभव वेगळा आहे. दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या या जाळ्यातील काही भाग परदेशी देहयष्टी लक्षात घेऊन रुंद करण्यात आला आहे. प्रवाशाला एक जुना कृष्णधवल प्रचारपट दाखवितात, वाकून काही अंतर चालवितात आणि शेवटी गनिमांचे अन्न म्हणून उकडलेला टॅपिओकाचा कंद खावयास देतात. ज्याच्या पिष्ठाचा साबुदाणा आपण उपवासाला खातो, तो हाच कंद. तेथे एक गोळीबाराचे मैदानही आहे. दर गोळीमागे पैसे भरून प्रवाशाला ए. के. ४७ किंवा एम-१६ चालविता येते. म्हणजे भुयारात माणसे कशी जगली हे ऐकत असताना वरून बंदुकांचे आवाज येत असतात, आणि ते मौजेचे असतात. याला केवळ बाजारूपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्यांच्याच पुढील पिढीने त्या गोळ्या झाडणाऱ्यांच्या पुढील पिढीला विकाव्यात, यात एक कडवट विनोदबुद्धीही असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हनोईतील ह्वा लो तुरुंग हे याहून अवघड प्रकरण. १८९६ मध्ये फ्रेंचांनी बांधलेल्या या तुरुंगाचा मोठा भाग १९९० च्या दशकात उंच इमारतींसाठी पाडण्यात आला. उरलेल्या भागातील बहुतेक दालने फ्रेंच काळातील व्हिएतनामी राजबंद्यांची आहेत. अंधाऱ्या कोठड्या, पायबेड्या व गिलोटिन पाहून अंदमानच्या सेल्युलर जेलची आठवण मराठी प्रवाशाला अपरिहार्यपणे होते. शेवटी दोन लहान दालने अमेरिकी वैमानिकांसाठी आहेत. १९६७ मध्ये हनोईच्या त्रुक बाक सरोवरात पडलेले व पुढे सिनेटर झालेले जॉन मॅकेन यांच्यासह अनेक वैमानिक येथे बंदी होते. दालनातील छायाचित्रांत ते बुद्धिबळ व व्हॉलीबॉल खेळताना, नाताळ साजरा करताना दिसतात. सुटून गेलेल्या वैमानिकांनी मात्र येथील छळाची सविस्तर वर्णने लिहून ठेवली आहेत.

या ठिकाणी प्रवासी दोनपैकी एक चूक करतो. अमेरिकी आत्मकथने वाचून आलेला माणूस शेवटची दोन दालने पाहून संपूर्ण संग्रहालय खोटे ठरवितो व फ्रेंच कोठड्यांसमोरून घाईने निघून जातो. ज्याने काहीच वाचलेले नाही तो सारेच खरे मानतो. पहिली दालने खरी आणि शेवटची अर्धसत्य, असे एकाच छपराखाली असू शकते, ही गोष्ट पचविणे या दोघांनाही जड जाते. अशा पचविण्यालाच इतिहासाचे शिक्षण म्हणावयाचे, असे आपण वर्गात सांगत असतो.

सोन मी येथे ही अडचण निराळ्या प्रकारे सुटलेली दिसते. जगात माय लाय या नावाने परिचित असलेल्या या गावात १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी सैनिकांनी नि:शस्त्र ग्रामस्थांची हत्या केली. स्मारकावर ५०४ नावे आहेत. त्याच दिवशी ह्यू थॉम्पसन या अमेरिकी हेलिकॉप्टर चालकाने आपले यान सैनिक व गावकरी यांच्यामध्ये उतरवून काही जणांचे प्राण वाचविले. त्याला व त्याचा सहकारी लॉरेन्स कोलबर्न याला अमेरिकी सैन्याने पदक दिले ते तीस वर्षांनी, १९९८ मध्ये. त्याच वर्षी ते दोघे या गावी परत आले होते. आरोप व कृतज्ञता एकाच ठिकाणी नांदू शकतात, याचा हा दाखला कोणत्याही सिद्धांताहून अधिक बोलका आहे.

जे दाखविले जात नाही

आतापर्यंतचे विवेचन दाखविलेल्या गोष्टींविषयी झाले. ‘क्षमा केली आहे’ या दुसऱ्या पूर्वकल्पनेला खरा छेद बसतो तो न दाखविलेल्या गोष्टींनी, आणि त्यासाठी सहलीच्या आखीव मार्गाबाहेर पडावे लागते.

क्वांग त्री प्रांतातील त्रुओंग सोन येथील राष्ट्रीय स्मशानभूमीत दहा हजारांहून अधिक हुतात्म्यांच्या समाध्या आहेत. काही शिलांवर नाव नाही. अनाम हुतात्मा एवढेच कोरलेले आहे. दरवर्षी देशभरातून कुटुंबे येथे येतात. व्हिएतनामी परंपरेत मृताच्या स्मृतिदिनाला घरातील वेदीवर नैवेद्य ठेवण्याला फार महत्त्व आहे. मृत्यूची तिथी व दफनाची जागा ठाऊक नसेल तर मृतात्मा भटकत राहतो, अशी श्रद्धा आहे. आजही लाखो सैनिकांचे अवशेष सापडलेले नाहीत वा ओळखू आलेले नाहीत. अमेरिकेच्या दीड हजारांच्या आसपास बेपत्ता सैनिकांचा शोध मात्र दोन्ही सरकारांच्या सहकार्याने अनेक दशके चालू आहे.

आणि तरीही त्रुओंग सोनमध्ये सन्मानाने निजलेले लोक हे उत्तरेच्या बाजूचे आहेत. दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यातील सुमारे अडीच लाख सैनिक युद्धात मारले गेले, असा सर्वसाधारण अंदाज आहे. तेही व्हिएतनामीच होते. हो ची मिन्ह सिटीजवळ बिएन होआ येथे त्यांची लष्करी स्मशानभूमी होती. १९७५ नंतर ती लष्कराच्या ताब्यात राहिली, कुटुंबांना तेथे जाणे दुरापास्त झाले आणि समाध्यांवर रान माजले. २००६ मध्ये ती नागरी प्रशासनाकडे सोपविण्यात आली व तिला साध्या नागरी स्मशानभूमीचे नाव मिळाले. पर्यटन-पुस्तिकांत तिचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. अमेरिकी सैनिक हेलिकॉप्टरने गेले. दक्षिणेचे सैनिक व अधिकारी ‘पुनर्शिक्षण’ शिबिरांत गेले, आणि १९७५ ते १९९५ या काळात सुमारे आठ लाख लोक होड्यांतून समुद्रमार्गे अन्य देशांच्या किनाऱ्यांना लागले. दूरच्या शत्रूशी समेट होणे आणि घरातील भावाशी समेट होणे यांत दुसरी गोष्ट कितीतरी कठीण असते. महाभारताच्या वाचकाला हे नव्याने सांगावयास नको. प्रवाशाला जी क्षमा दिसते ती पहिल्या प्रकारची. दुसऱ्या प्रकारची अद्याप अपुरी आहे.

या संदर्भात दांग थुई त्राम या तरुण डॉक्टरची रोजनिशी उल्लेखनीय ठरते. हनोईची ही मुलगी क्वांग न्गाई प्रांतातील जंगलात गनिमांचे रुग्णालय चालवीत असता जून १९७० मध्ये अमेरिकी गोळीबारात मृत्यू पावली. जप्त कागद जाळण्याचे काम फ्रेड व्हाइटहर्स्ट या अमेरिकी गुप्तवार्ता अधिकाऱ्याकडे होते. त्याला ही रोजनिशी जाळू नये असे सुचविले ते त्याच्या दुभाष्याने. आणि तो दुभाष्या दक्षिण व्हिएतनामी सैनिक होता. व्हाइटहर्स्टने नियम मोडून ती पस्तीस वर्षे जपली. २००५ मध्ये ती थुई त्रामच्या आईपर्यंत पोहोचली, त्याच वर्षी हनोईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. उत्तरेची लेखिका, अमेरिकी जतनकर्ता आणि दक्षिणेचा पहिला वाचक अशा तिघांमुळे ते पुस्तक आज अस्तित्वात आहे. सार्वजनिक स्मृतीत मात्र पहिल्या दोघांना स्थान मिळाले, तिसऱ्याला फारसे नाही.

शेजारच्या कंबोडियातही स्मृतीचे शिल्पकार कोण, हा प्रश्न विचारावा लागतो. नोम पेन्ह येथील तुओल स्लेंग ही मूळची शाळा. ख्मेर रूज राजवटीत ती एस-२१ हा छळतुरुंग झाली. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्याने ही राजवट उलथविल्यावर तेथे जे संग्रहालय उभे राहिले, त्याची मांडणी माई लाम या व्हिएतनामी अधिकाऱ्याने केली. मानवी कवट्यांचा देशाचा नकाशा ही त्यातील मांडणी २००२ मध्ये काढून टाकण्यात आली. तेथील भीषणता शतप्रतिशत खरी आहे. पण ती ज्या नजरेने प्रथम मांडली गेली, ती नजर मुक्तिदात्याचीही होती आणि सैन्य ठेवून राहिलेल्या शेजाऱ्याचीही.

‘पूर्वी’ या शब्दाविषयी

‘पूर्वी युद्धग्रस्त असलेला देश’ या शब्दप्रयोगातील ‘पूर्वी’ हा शब्दही एक पूर्वकल्पनाच होय. सतराव्या अक्षांशालगतच्या क्वांग त्रीच्या बहुतांश जमिनीत आजही न फुटलेले बाँब व तोफगोळे आहेत. सरकारी आकडेवारीनुसार १९७५ नंतरच्या काळात देशभरात अशा स्फोटकांमुळे सुमारे ४० हजार लोक मरण पावले व ६० हजार जखमी झाले. यांत नांगर धरणारे शेतकरी आहेत, भंगार वेचणारे आहेत आणि खेळणारी मुले आहेत. २००१ पासून प्रोजेक्ट रिन्यू ही संस्था तेथे स्फोटके निकामी करण्याचे, मुलांना धोक्याची ओळख करून देण्याचे व जायबंदी झालेल्यांच्या पुनर्वसनाचे काम करीत आहे. १९६१ ते १९७१ या काळात फवारलेल्या सुमारे साडेसात कोटी लिटर वनस्पतिनाशकांचेही असेच. दा नांग विमानतळाच्या परिसरातील डायॉक्सिनयुक्त मातीची शुद्धी २०१२ ते २०१८ अशी सहा वर्षे चालली, आणि बिएन होआ विमानतळावरील त्याहून मोठे काम २०१९ मध्ये सुरू झाले. दा नांगच्या समुद्रकिनारी उतरणारे बहुतेक पर्यटक याच विमानतळाने येतात.

याच प्रांतातील व्हिन्ह मोक हे गाव बाँबवर्षावात जमिनीखाली गेले. १९६६ पासून लोकांनी तेथे टेकडीत भुयारे खणली, त्यांत कुटुंबागणिक कोनाडे केले, विहीर खणली, प्रसूतीची जागा राखली. भुयारांत सतरा बालके जन्मली. कू चीचे भुयार लढण्यासाठी होते, व्हिन्ह मोकचे राहण्यासाठी. येथे गोळीबाराचे मैदान नाही व वाटही फारशी रुंद केलेली नाही. वेळ थोडा असेल व दोहोंपैकी एकच पाहावयाचे असेल, तर विद्यार्थ्यांना व्हिन्ह मोकला न्यावे, असे मत येथे नोंदवावेसे वाटते. तेथे युद्ध हे शौर्याचे प्रदर्शन न राहता स्वयंपाक, बाळंतपण व श्वासोच्छ्वास यांचा प्रश्न होऊन समोर येते.

भारतीय प्रवाशाचे स्थान

एवढे सारे पाहताना भारतीय प्रवासी स्वतःला त्रयस्थ समजतो. युद्ध फ्रेंचांचे, मग अमेरिकेचे. आपण वसाहतवादाने पीडित असे समदु:खी. हो ची मिन्ह १९५८ मध्ये भारतात आले होते, कोलकात्यातील अमेरिकी वकिलातीच्या रस्त्याला पुढे त्यांचे नाव देण्यात आले, इतके आपल्याला आठवते. मी सोन येथील चाम राजांची शिवमंदिरे पाहताना तर हे नाते हजार-दीड हजार वर्षे मागे नेता येते. ऑगस्ट १९६९ मधील अमेरिकी बाँबफेकीत तेथील सर्वांत उंच मंदिर कोसळले. विवरे आजही मंदिरांलगत दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०१७ पासून तेथे केलेल्या जतनकार्यात २०२० मध्ये एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग प्रकाशात आले. आपल्याकडील वृत्तपत्रांनी त्या शिवलिंगाची बातमी ठळकपणे दिली. मी सोनचे जतन १९८० च्या दशकात, सुरुंग पेरलेल्या त्या खोऱ्यात, प्रथम हाती घेणाऱ्या काझिमिएझ क्वियातकोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञाचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतले.

त्रयस्थपणाची ही कल्पना बेन हाई नदीवरील हिएन लुओंग पुलावर येऊन थांबते. जुलै १९५४ च्या जिनिव्हा करारानुसार या नदीने देशाची तात्पुरती विभागणी झाली. दोन वर्षांत निवडणुका होऊन देश पुन्हा एक व्हावयाचा होता. पुलाचे दोन अर्ध दोन वेगळ्या रंगांनी रंगविलेले होते. दोन्ही तीरांवरून ध्वनिक्षेपक एकमेकांवर प्रचार ओकत, आणि कोणाचा ध्वज अधिक उंच याची स्पर्धा वर्षानुवर्षे चाले. युद्धात नष्ट झालेला तो पूल नंतर मूळ स्वरूपात उभारण्यात आला आहे. कराराच्या पालनावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात पोलंड व कॅनडा हे सदस्य होते, आणि अध्यक्षपद भारताकडे होते. जुलै १९५६ मधील निवडणुका झाल्या नाहीत. आयोगाला त्याबाबत काही करता आले नाही. जून १९६२ मध्ये भारत व कॅनडा यांनी बहुमताने दिलेल्या विशेष अहवालात उत्तरेकडून दक्षिणेत चालणाऱ्या घातपाती कारवाया व दक्षिणेला मिळणारी अमेरिकी लष्करी मदत या दोहोंवर ठपका ठेवला होता. पोलंडने त्याला असहमती दर्शविली. आयोग १९७३ पर्यंत कागदोपत्री चालू राहिला.

पुलाची लांबी पावणेदोनशे मीटरच्या आसपास आहे. सावकाश चालले तरी तीन-चार मिनिटांत पलीकडचा काठ येतो. मध्यभागी जेथे रंग बदलतो तेथे पर्यटक छायाचित्रासाठी थांबतात. ती रेषा ओलांडण्याची मुभा सामान्य व्हिएतनामी माणसाला जवळजवळ वीस वर्षे नव्हती, आणि ती रेषा तात्पुरतीच राहील हे पाहण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांच्या प्रमुखपदी आपला देश होता.